माळ्यावरचं माहेर

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, तर गाव दोनच अंदाज बांधतं. एक तर भांडण झालं असणार, नाहीतर बाळंतपण जवळ आलं असणार. तिसरं कारण कुणाला सुचत नाही. लग्न झाल्यापासून मी एकही आखाजी चुकवली नव्हती. जळगावहून एसटी पकडायची, पारोळ्याला उतरायचं, तिथून मामाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात जायचं. दारात आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. तुकडा माझ्यावरून ओवाळून लांब टाकायची, डोळ्यांना पाणी लावायची आणि मग विचारायची, "उनी का वं माय?" आलीस का गं, असं. मी समोर धडधडीत उभी असले तरी विचारायचीच. मी "उनू" म्हटलं की उंबरा ओलांडायची परवानगी.

मला भाऊ नाही, बहीणही नाही. वडील गेल्यावर आई गावात एकटी राहायची. शेत मामाला वाट्यानं दिलेलं आणि मामा त्याच गल्लीत, त्यामुळे एकटी म्हणजे नावालाच. येता-जाता तो डोकावणार, चहा पिणार आणि मोठ्या बहिणीची बोलणी खाऊन जाणार. पण पुढे तिचे गुडघे कुरकुरायला लागले. त्या गुडघ्यांनी ती लाकडी शिडी चढून माळ्यावरचं धान्य काढते हे कळलं तेव्हा मला धडकीच भरली. मी तिला जळगावला ये म्हणायला लागले. मेहरूणला तलावाच्या अलीकडे आमचं नवं घर आहे, बैठं, हवेशीर, पुढे-मागे थोडी जागा. तिथे तिला एकही पायरी चढावी लागणार नव्हती.

पण लेकीच्या घरी राहायचं कसं? माझ्याकडे दोन दिवस यायची तरी स्वतःचं पीठ बांधून आणायची. एकदा तर विरजणही आणलं. मी चिडले तर शांतपणे म्हणाली की तुमच्या जळगावचं दही आंबट असतं. शिवाय तिचा एक बिनतोड मुद्दा होता. ती माझ्याकडे येऊन राहिली तर आखाजीला मी जायचं कुठे? मी म्हटलं, एखादी आखाजी नाही झाली तर आभाळ कोसळत नाही. त्यावर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी मामानं मध्यस्थी केली.

ठरलं ते असं. आईनं हिवाळा संपता संपता माझ्याकडे यायचं, पण तिचं सगळं सामान बरोबर येणार. एकही वस्तू नको म्हणायची नाही. आखाजीला मात्र ती गावी परत जाणार, घर उघडणार आणि मी नेहमीसारखी तिथेच जाणार. पुढचं पुढे. दगडी जातं तेवढं तिनं मुद्दाम गावातच ठेवलं. टेम्पोत जागा होती, उचलायला माणसं होती, तरी म्हणाली, असू दे, मी परत आल्यावर लागेल. वर्षानुवर्षं तिनं त्या जात्यावर काही दळलं नव्हतं. पण मला तिचा स्वभाव ठाऊक. जातं गावात, म्हणजे आई गावात. बाकी सगळं पाहुणं.

टेम्पो दारात लागला आणि त्यातून जे निघालं ते पाहून नवरा अंगणातल्या खुर्चीवर बसलाच. दादर ज्वारी आणि गहू भरलेल्या पत्र्याच्या कोठ्या. पितळी घागरी, पातेली, परात. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, आणि कुरडयांचे रिकामे डबे, येत्या उन्हाळ्यात भरायचे म्हणून. गोधड्यांचे गठ्ठे. पुरणयंत्र. आखाजीच्या झोक्याचा पाट आणि त्याची विहिरीचा नाडा म्हणावा इतकी जाड दोरी. आणि एका गोधडीत तान्ह्या बाळासारखं गुंडाळलेलं खापर. ज्यांनी खापराची पुरणपोळी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, खापर म्हणजे मातीचं मोठं, घुमटासारखं भांडं. चुलीवर पालथं ठेवायचं आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरलेली पोळी त्यावर टाकायची. आईचं खापर तिच्या सासूच्या वेळचं होतं आणि त्याला आजवर तडा गेलेला नव्हता.

आता हे ठेवायचं कुठे? आईनं घरात पाऊल टाकल्याबरोबर वर पाहिलं. आमच्या घराला वर सपाट स्लॅब नाही. उतरतं छप्पर आहे, लोखंडी पाइपांच्या कैच्या, त्यांवर पत्रा, आणि खाली जिप्समचं पांढरंशुभ्र छत, त्यात बसवलेले गोल दिवे. मधल्या बोळात एक चौकोनी झाकण, वर कधी वायरिंगचं काम निघालं तर चढायला. हे घर बांधलं तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वर करायला लावून ते छत दाखवायची. आईनं झाकण पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. माळा आहे की. केवढी जागा वाया घालवता, म्हणाली.

तिच्या दृष्टीनं त्यात चूक काही नव्हती. गावातल्या आमच्या घराचा माळा सागवानी कड्यांचा, वर फळ्या, त्यांवर मातीचा थर. वर्षाचं धान्य त्यावर उभं असायचं आणि आम्ही पोरं त्या पोत्यांवरून उड्या मारायचो. खालची जमीन एकवेळ खचेल, माळा नाही, असा तिकडचा भरवसा. माझ्या पिढीनं निदान छताला टकटक करून पाहिलं असतं. मामानं तेही केलं नाही. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि नवरा टेम्पो मागे घ्यायला मदत करत होता, तेवढ्यात मामा आमचा रंगाऱ्याचा घोडा लावून, गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन झाकणातून वर गेला.

मला डबा पडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर बैठकीच्या खोलीत पांढरी धूळ उडालेली, आणि छतातून मामाचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली लोंबत होता, चपलेसकट. बरोबर त्या पायाखाली सोफ्यावर आई बसलेली, मांडीवर पुरणयंत्र. तिनं वर पाहिलं. भावाला लागलं का, हाड मोडलं का, हे राहिलं बाजूला. ती म्हणाली, "भाऊ, माळावर चप्पल काढीसन चढतस."

धान्याच्या माळ्यावर चप्पल घालून जायचं नाही, ही रीत. बाकीचं नंतर.

वरून मामाचा आवाज आला, "अक्का, आठे तं खाले उजेड दिखस." इथे तर खाली उजेड दिसतो, म्हणे.

आम्ही हसलो खरं, पण थोडक्यात निभावलं होतं. दुसरा पाय आणि बूड एका आडव्या पाइपवर अडकलं म्हणून मामा वरच राहिला, नाहीतर गव्हासकट तो थेट बहिणीच्या मांडीवर आला असता. नवऱ्यानं वर चढून त्याला पाइप धरायला लावून हळूहळू मागे ओढलं. खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. छतावर उन्हासाठी काचेच्या लोकरीचे पट्टे अंथरलेले होते, त्याचे तंतू मात्र त्याच्या पायजम्यात शिरले आणि पुढचे दोन दिवस मामा गावभर खाजवत हिंडला. भेटेल त्याला सांगायचा, भाचीच्या घराला फार उंची खाज आहे.

आई हसली नाही. भोकाकडे पाहत राहिली आणि एवढंच म्हणाली, "मनं सामान तुना घरले पेलत नही." मग उठून गठ्ठे परत दाराकडे सरकवायला लागली. टेम्पो अजून दारातच होता. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी बाहेर गेले, टेम्पोवाल्याला चहा न देताच वाटेला लावलं, आणि आत येऊन म्हटलं की सामान इथेच राहील आणि छपराचं काय करायचं ते मी पाहते. आईनं गठ्ठे होते तिथेच सोडले. पण त्या संध्याकाळी तिनं जेवताना आपलं ताट स्वतः आणलेल्या कोठीवर ठेवलं, माझ्या टेबलावर नाही. मला ते फार लागलं.

घराचा इंजिनिअर नवऱ्याचा चाळीसगावचा शाळासोबती. जिभेचा तिखट. त्यानं भोक पाहिलं, मामाची गोष्ट ऐकली, पोट धरून हसला आणि मग आम्हा दोघांना धारेवर धरलं. वर काही ठेवायचं होतं तर बांधतानाच का नाही सांगितलं? या कैच्या पत्र्याचं वजन आणि वाऱ्याचा जोर झेलण्यापुरत्या आहेत. खालचं छत तर कशावर उभंच नाही, तारांनी टांगलेलं आहे. त्यावर माणूस काय, मांजरसुद्धा जपून चालेल. नवरा म्हणाला, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी त्या छताची केवढी कौतुकं केली होती ते त्याच्या चांगलं लक्षात होतं.

आईनं इंजिनिअरला समोर बसवलं आणि उलटतपासणी घेतली. मग आमचा माळा कसा पेलायचा? त्यानं न कंटाळता सांगितलं की तुमच्या कड्या दोन्हीकडे जाड भिंतीत घुसलेल्या होत्या, ओझं भिंतीवर जायचं. इथेही तसंच करू. छताला आणि कैच्यांना हातच लावायचा नाही. एका भिंतीवरच्या काँक्रीटच्या बीमपासून समोरच्या बीमपर्यंत लोखंडी गर्डर टाकायचे, त्यांवर आडवे चॅनल, वर जाड प्लाय. म्हणजे जुन्या छतावर, त्याला न टेकता, आपला वेगळा माळा. भिंतीवर, हे ऐकल्यावर आईची मान हलली. तेवढं तिला पटलं.

काम सुरू झालं आणि आमच्या बैठकीच्या खोलीचं गोदाम झालं. येणारा माणूस कोठ्यांच्या मधून वाट काढत सोफ्यापर्यंत पोचायचा. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलं की तुम्ही धान्याचा धंदा सुरू केला का. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गर्डर किती जाड, चॅनल किती अंतरावर, यात मी नाक खुपसणार हे ओघानंच आलं. इंजिनिअरनं एकदा माझ्यापुढे हात जोडले. पण त्याच्या काही गोष्टी मी निमूट ऐकल्या. प्लाय ठोकायचा नाही, स्क्रूनं बसवायचा, कारण हातोड्याच्या धक्क्यानं खालच्या छताचे सांधे उलतात. काचेची लोकर दाबायची नाही, तिच्या आणि प्लायच्या मध्ये मोकळी जागा सोडायची. दाबली तर ऊन अडवायचं काम ती सोडून देते. गोल दिव्यांच्या पाठी तापतात, त्यांच्यावर चिंधीसुद्धा पडता कामा नये. वायरी एका बाजूनं, दिसतील अशा. वर एक दिवा. झाकणाच्या कडेला कठडा, आणि घोड्याऐवजी भिंतीला पक्की केलेली, रुंद पायऱ्यांची, धरायला दांडा असलेली शिडी.

शिडीचा खर्च जरा जास्त वाटला तर नवरा म्हणाला, चढायचंय आपल्यालाच. मी म्हटलं, दांडा हवाच. आई कधी चढणार नव्हती हे माहीत असून मी तो बसवून घेतला. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

माळा पुरा झाल्यावर आईनं आमच्या घरची रीत काढली. माळा करणाऱ्यानं आधी स्वतः त्यावर बसून जेवायचं, मग घरच्यांनी सामान चढवायचं. तिच्या सासऱ्यांनी सुताराला असंच जेवू घातलं होतं म्हणे. इंजिनिअरनं हे ऐकून माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी सकाळी, पत्रा तापायच्या आत, तो, वेल्डिंगवाला, नवरा आणि खास बोलावून घेतलेला मामा, असे चौघे वर मांडी घालून बसले. मी शिडीवरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, शेवभाजी आणि कांदा पोचवत राहिले. आई खाली खुर्ची टाकून छताकडे टक लावून बसलेली, कुठे धूळ झडते का ते पाहत. मामानं या वेळी चपला अंगणातच काढल्या होत्या. इंजिनिअर वरून ओरडून सांगत होता की अक्का, भाजी तिखट आहे पण माळा पक्का आहे. पंखा लावूनही घामानं थबथबून चौघे उतरले. छताला काही झालं नाही. आईनं उठून पदरानं तोंड पुसलं, एवढीच तिची पावती.

मग सामान चढवायची वेळ आली आणि सूत्रं आईनं हातात घेतली. इंजिनिअरनं ठासून सांगितलं होतं की जड ते भिंतीलगत, मधे हलकं, आणि धान्य तर वर न्यायचंच नाही. आईनं एकेक वस्तू हातात उचलून तोलली आणि निवाडा दिला. कोठ्या मागच्या ओट्याजवळच्या खोलीत. पितळ भिंतीलगत. गोधड्या मध्ये. क्वचित लागणारं आत, नेहमीचं अलीकडे. मी वर, नवरा शिडीवर, ती खालून सांगणार. खापर, पुरणयंत्र, झोक्याचा पाट आणि दोरी तिनं सगळ्यात शेवटी दिली आणि झाकणाच्या अगदी तोंडाशी ठेवायला लावली. मी विचारलं नाही, पण कळलं. आखाजीला तिला ते घेऊन जायचं होतं, पटकन हाताशी यावं म्हणून. माझा इतक्या दिवसांचा उत्साह तिथल्या तिथे मावळला.

उन्हाळा लागला. आईनं अंगणात खाटा टाकून बिबड्या घातल्या, शेजारच्या बायकांना कामाला लावलं, तलावावर फिरायला जाणाऱ्या दोघी-तिघींना ओलं बिबडं खायची सवय लावली. डबे भरले की मी वर नेऊन ठेवायचे. तिचं पीठ आणि माझं पीठ कधी एका डब्यात आलं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मला वाटायला लागलं की रुळली. मग आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मामा टेम्पो घेऊन हजर झाला आणि आई तयार होऊन बसलेली होती, हातात गावच्या घराची किल्ली.

मी वर चढले, तिनं खालून सांगायला सुरुवात केली. खापर दे. दिलं. पुरणयंत्र, पाट, दोरी. मग तिच्या लक्षात आलं की पुरण शिजवायला मोठं पातेलं तिकडे नाही. ते दे. रसासाठी दुसरं दे. परात. गल्लीतल्या लेकी झोक्याला येतील, त्यांना बसायला गोधड्या. त्यांना द्यायला बिबड्या. जावईबापू संध्याकाळी येणार, त्यांच्यासाठी तांब्या-फुलपात्र. नवरा शिडीवर मुकाट्यानं वस्तू पुढे देत होता. माझ्या मनात रागही होता आणि रडूही. मी डबे जरा जास्तच आपटत होते. मामा म्हणाला की अक्का, हा तर परत पहिला टेम्पो झाला. आईला माझा भरवसा वाटला नाही, मी काही लपवून ठेवते आहे असं वाटलं असावं. ती म्हणाली, थांब, मीच येऊन पाहते.

तोवर ती कधी वर चढली नव्हती. दांडा घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकत ती आली. मागे नवरा हात पसरून उभा. मी कठड्याजवळ तिचा हात धरला. चप्पल तिनं खालीच काढली होती. वर आल्यावर ती प्लायवर पाय पसरून बसली आणि हातानं तो चाचपून पाहिला. पत्र्याची धग होती, दिवा लागलेला होता. उरलेल्या गोधड्या तिच्यासमोर होत्या, भिंतीलगत पितळ चकाकत होतं. घागरी गावच्या माळ्यावर जशा मोठी, मधली, लहान अशा ओळीनं होत्या तशाच मी मांडल्या होत्या; मला दुसरी रीत येतच नाही. तिनं बोटानं घागरी मोजल्या.

मग म्हणाली, "बठ्ठा सामान तं आठेच शे. तठे काय ऱ्हायनं?" सगळं तर इथेच आहे, तिकडे काय राहिलं, असं.

"जातं," मी म्हटलं. माझा आवाज जरा कडवटच निघाला.

तिला हसू फुटलं. मग तिनं झाकणातून खाली पाहून मामाला सांगितलं की खापर वर दे. यंदापुरती आखाजी इथेच करू, एवढ्या सामानाची ये-जा कोण करणार. यंदापुरती, हा शब्द तिनं दोनदा म्हटला. मला तेवढाही खूप झाला.

पण एका गोष्टीचा घोर तिला लागलाच. लेक माहेरी येणार कशी? ती तर घरातच. त्यावर तिनं तोडगा काढला आणि सकाळी मला अंघोळ झाल्या झाल्या हुकूम सोडला की बॅग भर. मी म्हटलं, आई, पुरे. तिनं ऐकलं नाही. दोन साड्या बॅगेत टाकून मला घराबाहेर काढण्यात आलं. मामा नवऱ्याची स्कूटर घेऊन उभाच होता, रात्री मुक्कामाला राहिलेला. लेकीला माहेरी आणणारा मुराळी दरवर्षी तोच, यंदा का नसावा. त्यानं मला मागे बसवून तलावाला पूर्ण फेरी मारली. फिरायला आलेल्या माझ्या मुख्याध्यापकांनी बॅग पाहून विचारलं, निघालात का गावाला. मी म्हटलं, माहेरी चालले. फेरी पूर्ण करून परतताना आम्ही पुन्हा त्यांच्यासमोरून गेलो, तेव्हा त्यांनी नुसतंच पाहिलं. मामा म्हणत होता, जरा हळू नेतो, माहेर फार जवळ आलंय.

फाटकापाशी उतरले. मला हसू आवरत नव्हतं. आणि दारात आई उभी होती, नवं लुगडं नेसलेली, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. ती हसत नव्हती. तिनं तुकडा माझ्यावरून ओवाळला, फाटकाबाहेर टाकला, ओल्या बोटांनी माझ्या डोळ्यांना पाणी लावलं.

"उनी का वं माय?"

मला "उनू" म्हणता येईना. माझ्याच घराचा उंबरा, मीच निवडलेल्या फरशीचा, आणि मी त्याच्यावर बॅग घेऊन रडत उभी. आईनं मला तसंच उभं ठेवलं, उत्तर मिळेपर्यंत. मग विचारलं, गाडीला गर्दी होती का. मी डोळे पुसत म्हटलं, "व्हती. एरंडोललोंग उभी व्हतू." एरंडोलपर्यंत उभी होते, यावर तिला खरंच वाईट वाटलं, अशा चेहऱ्यानं तिनं माझ्या हातातली बॅग घेतली.

त्या दिवशी मी इकडची काडी तिकडे केली नाही. माहेरवाशिणीनं काम करायचं नसतं. अंगणात विटांच्या चुलीवर खापर पालथं पडलं आणि आईनं हातांवर पोळ्या पसरल्या. शेजारणी पाहायला जमल्या. नवऱ्याला सकाळीच सांगण्यात आलं होतं की आज तुम्ही जावई, त्यामुळे स्वतःच्याच घरात तो पाहुण्यासारखा अवघडून बसला. पाणी प्यायलासुद्धा उठेना, कुणीतरी आणून देईल म्हणून वाट बघायचा. हा रुबाब त्यानं पुढे आठवडाभर चालवून पाहिला, तो भाग वेगळा. दुपारी इंजिनिअर रसपोळीला आला आणि तिघे पुरुष आखाजीच्या नावाखाली पत्ते कुटत बसले.

झोक्यावरून आदल्या संध्याकाळीच एक लढाई झाली होती. आईला तो नव्या गर्डरला बांधायचा होता, चौघे जेवले तर एक झोका का नाही पेलणार. इंजिनिअर म्हणाला, बसलेलं ओझं वेगळं आणि हेलकावे घेणारं वेगळं, शिवाय दोरी खाली सोडायला छताला भोक पाडावं लागेल, आणि त्या कामाला एक मामा पुरे. त्यानं पुढच्या पोर्चच्या काँक्रीटच्या बीमला जाड कडी बसवून दिली होती. तिथे तोच पाट, तीच दोरी. गल्लीतल्या सुना-लेकी आळीपाळीनं बसल्या. एक-दोघींना गौराईची गाणी येत होती, बाकीच्यांना आईनं शिकवली.

संध्याकाळी गर्दी ओसरली. मी एकटीच झोक्यावर हलके पाय टेकत बसले होते. मामा टेम्पोत बसला, रिकाम्याच टेम्पोत. किल्ली अजून आईच्या कमरेला होती आणि मला काही केल्या तिकडे न पाहता राहवत नव्हतं. आई टेम्पोच्या दाराशी गेली. त्याच्या घरच्यांसाठी पोळ्या दिल्या, शेताचं काही विचारलं. मग कमरेची किल्ली काढून तिनं मामाच्या हातात ठेवली.

"जवय येशी तवय जातं बी लई येजो," ती म्हणाली. येशील तेव्हा जातंही घेऊन ये, असं.

मामानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुठे ठेवणार, त्यानं विचारलं.

"मांगला ओटावर. माळावर नही. माळाले भारी नको." इंजिनिअरचंच वाक्य, आता तिचं झालेलं. मागच्या ओट्याचा कोपरा तिनं सकाळीच धुऊन मोकळा केला होता, ते मी पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं की परातीसाठी असेल.

मी झोक्यावरून उठले नाही. माहेरी आलेल्या लेकीनं अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं.